लेझर, दोन मोटरी, दोन आरसे: आकृती दुहेरी, अंडाकार आणि जाड का उमटते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही ५ मिलिवॅटचं लाल लेझर मॉड्यूल, खेळण्यातल्या दोन मोटरी आणि साध्या आरशाचे कापलेले तुकडे वापरून प्रोजेक्टर केलात. भिंतीवर फुलं, चांदण्या उमटतील अशी अपेक्षा होती. उमटलं ते एक जाड, थरथरतं अंडं आणि त्याला चिकटून तसंच फिकट दुसरं. वेग कमीजास्त करायला लावलेलं पोटेन्शिओमीटर जळालं. आता तुम्ही विचारताय की मोटरी बदलू की जास्त ताकदीचा लेझर घेऊ, आणि पुढे गणपतीच्या आराशीत यावर ‘श्री’ काढता येईल का.

लेझर बदलू नका. मोटरीही बहुधा चालतील. तुमच्याकडे चार वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे: दुहेरी आकृती आरशामुळे, अंडाकारपणा मांडणीमुळे, जाड रेघ शाफ्टच्या ढिलाईमुळे किंवा कंपनामुळे, आणि फूल न उमटणं हे दोन मोटरींच्या वेगाचं गुणोत्तर हातात नसल्यामुळे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नेमके आकडे तुमची भिंत किती लांब आहे, खोली किती अंधारी होते आणि बाजारात कोणती मोटर हाती लागते यावर ठरतील, म्हणून खाली हिशेब कसा करायचा तेही देतो.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. आरसा शाफ्टला अगदी काटकोनात बसवला, तर मोटर कितीही फिरली तरी ठिपका जागचा हलत नाही. आरसा थोडा तिरपा बसवला की परावर्तित किरण शंकूच्या आकारात फिरतो आणि भिंतीवर वर्तुळ काढतो. आरसा जेवढा तिरपा, त्याच्या दुप्पट कोनात किरण वळतो. आरशाचा तिरपेपणा २.२ अंश असेल तर किरण मध्यापासून ४.४ अंश बाहेर जातो. भिंत ३ मीटरवर असेल तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास दीड फूट. दुसऱ्या मोटरीचा आरसा त्या फिरत्या किरणाला स्वतःचं दुसरं वर्तुळ जोडतो. भिंतीवर दिसते ती या दोन वर्तुळांची बेरीज. एवढंच यंत्र आहे, आणि सगळी फुलं त्या बेरजेतूनच येतात.

आता दुहेरी आकृती. घरातल्या आरशाचा पारा काचेच्या मागच्या बाजूला असतो. काचेचा पुढचा पृष्ठभागही सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेवर किरण ४५ अंशांत पडला तर हे दोन परावर्तित किरण एकमेकांपासून सव्वादोन मिलिमीटर सरकलेले असतात. पहिल्या आरशाने एकाचे दोन केले, दुसऱ्याने दोनाचे चार. भिंतीवरचं फिकट भूत ते हेच. इथे लागतो फ्रंट-सरफेस आरसा, म्हणजे चकाकीचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असलेला. ओळखायची पद्धत सोपी: पेन्सिलचं टोक आरशाला अलगद टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांची टोकं एकमेकांना भिडली तर आरसा आपल्या कामाचा. मध्ये फट दिसली तर पारा मागे आहे.

असा आरसा विकत घेण्याआधी भंगारात बघा. जुन्या जाडजूड फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये लांब पट्ट्यांच्या रूपात असे तीन-चार आरसे निघतात. हल्लीच्या सडपातळ स्कॅनरमध्ये ते नसतात, तो उघडण्यात वेळ घालवू नका. दुसरा उत्तम स्रोत म्हणजे बंद पडलेली हार्ड डिस्क. तिची तबकडी दोन्ही बाजूंनी आरशासारखी असते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची तबकडी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि बारीक करवतीने कापता येते. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कची बहुतेक वेळा काचेची असते आणि कापायला गेलात तर तिचा चुरा होऊन कपच्या उडतात. त्या काचेच्या तबकडीला हात घालू नका. कापताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा, कडा कानशीने घासा आणि टेप अगदी शेवटी काढा. सीडीचा तुकडा मात्र वापरू नका. तिच्यावरच्या बारीक चरांमुळे किरण फुटतो आणि मुख्य ठिपक्याच्या दोन्ही अंगांना आणखी ठिपके येतात.

आरसा शाफ्टवर बसवण्याच्या कामाला घाई चालत नाही. २ मिलिमीटरच्या शाफ्टच्या टोकावर सरळ आरसा चिकटवला तर तो कोनात राहत नाही आणि आठवड्याभरात सुटतो. आधी शाफ्टवर घट्ट बसणारी, २० मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची पुली किंवा गिअर ठोकून बसवा. ती चकती शाफ्टला काटकोनात आहे का हे मोटर हळू फिरवून, कडेला पट्टी धरून तपासा. मग चकतीच्या एका कडेखाली पाचर ठेवून आरसा चिकटवायचा. पाचरीसाठी मोजमाप आपल्या खिशातच असतं: बँकेच्या कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, आणि नवीन सिम ज्या कार्डात येतं तेही तेवढंच. २० मिलिमीटरच्या चकतीच्या कडेला या कार्डाची बारीक चीप ठेवली की आरसा २.२ अंश तिरपा होतो. व्हिजिटिंग कार्डाची एक चीप ठेवली तर साधारण एक अंश. २.२ अंशांपेक्षा जास्त तिरपेपणाची घरात गरज पडत नाही.

चिकटवायला दोन नळ्यांचं इपॉक्सी घ्या आणि रात्रभर सुकू द्या. फेविक्विकसारख्या झटपट डिंकाची वाफ आरशावर पांढरी झाक आणते, आणि फ्रंट-सरफेस आरशावरची ती झाक पुसायला गेलं की चकाकीचा थरच निघतो. स्पंजची दुहेरी टेप वेग वाढला की दबते, म्हणजे तिरपेपणा वेगाबरोबर बदलतो आणि आकृती लहानमोठी होत राहते. गरम ग्लू मोटरीच्या उष्णतेने मऊ पडतो.

आरसा मध्यावर आहे ना, हे तर पुन्हा पुन्हा बघा. ३ ग्रॅमचा आरसा मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकलेला असेल आणि मोटर मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर शाफ्टला बसणारा हिसका सुमारे १.२ न्यूटन होतो, म्हणजे आरशाच्या स्वतःच्या वजनाच्या चाळीसपट. छोट्या मोटरीवर मोठा काचेचा आरसा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आरसा पातळ आणि गोल असावा. चौकोनी असला तर कोपरे कापून टाका. फिरताना मोटर हातात धरा. नुसती गुणगुण जाणवली तर ठीक, हात बधिर झाल्यासारखा वाटला तर मागच्या बाजूने कमी वजनाच्या अंगाला इपॉक्सीचा ठिपका देऊन तोल साधा.

जाड रेघेचं दुसरं कारण शाफ्टची ढिलाई. मोटर एका हातात धरून शाफ्टचं टोक बोटाने आडवं हलवून बघा. आत-बाहेर थोडं सरकलं तर फरक पडत नाही, कारण त्याने आरशाचा कोन बदलत नाही. आडवं खुळखुळलं तर मात्र ती मोटर बाजूला ठेवा. शाफ्टला धरून ठेवणाऱ्या आतल्या दोन कड्या, म्हणजे बुश, साधारण २० मिलिमीटर अंतरावर असतात, त्यात ०.०५ मिलिमीटरचा खुळखुळाट असेल तर शाफ्ट ०.१४ अंश कलतो, किरण त्याच्या दुप्पट, आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका दीड सेंटिमीटर भटकतो. रेघ जाड दिसते म्हणून लोक लेझरची भिंगं फिरवत बसतात, आणि दोष असतो बुशमध्ये. खरं फोकस तपासायचं असेल तर मोटरी बंद ठेवून तपासा: स्थिर ठिपका भिंतीवर बारीक दिसत असेल तर लेझरकडे पुन्हा बघायची गरज नाही.

मोटरींविषयी. १३० नंबरची खेळण्यातली मोटर चालते. ती ३ ते ६ व्होल्टवर पळते, स्वस्त आहे आणि तारा उलट केल्या की उलट फिरते. या शेवटच्या गुणाचं महत्त्व पुढे कळेल. तिचा दोष म्हणजे आवाज आणि तापल्यावर सरकणारा वेग. जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर मिळाली तर ती सोडू नका. तिच्या आत वेग स्थिर ठेवणारं सर्किट असतं, बुश उत्तम असतात आणि बहुतेकींचा वेग मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. मागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो कमीजास्त करता येतो. ती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे घेताना कवचावरचा बाण बघून घ्या. संगणकाचे छोटे पंखेही वापरतात लोक, पण तेही एकाच दिशेचे असतात आणि तारा उलट जोडल्या तर बिघडू शकतात. या सगळ्या वस्तू पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. भंगारातल्या मोटरींसाठी पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो.

आता अंड्याचं वर्तुळ कसं करायचं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून किरण आरशावर ४५ अंशांत पडतोय. तिरप्या पडलेल्या किरणामुळे वर्तुळ एका दिशेने दबतं आणि दबण्याचं प्रमाण त्या कोनाच्या कोसाइनइतकं असतं: ४५ अंशांना ०.७१, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रुंदी गेली. तोच कोन २५ अंशांवर आणला तर ०.९१, आणि एवढा फरक डोळ्याला खुपत नाही. त्यासाठी आरसे काटकोनात मांडू नका. दोन्ही मोटरी समोरासमोर तोंड करून ठेवा, आरशांच्या पातळ्यांत ५५ मिलिमीटर अंतर, आणि दुसरी मोटर पहिलीच्या रेषेपासून २६ मिलिमीटर बाजूला. लेझर दुसऱ्या मोटरीच्याच बाजूला, पण पहिलीच्या रेषेपासून उलट अंगाला तेवढाच, म्हणजे २६ मिलिमीटर सरकवून ठेवा आणि पहिल्या आरशाच्या मध्यावर रोखा. किरण नागमोडी जातो, कोन आपोआप २५ अंश होतो आणि बाहेर पडणारा किरण पहिल्या आरशाला न अडता निघून जातो. पाया म्हणून १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, ३० बाय २० सेंटिमीटर पुरतो. लेझर आणि दोन्ही शाफ्ट पायापासून एकाच उंचीवर हवेत, ४० मिलिमीटर सोयीचं पडतं. मोटरी पाइपच्या क्लॅम्पने आवळा आणि खाली-वर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला, नाहीतर एका मोटरीचं कंपन प्लायमधून दुसरीला आणि लेझरला पोचतं.

दुसरा आरसा किती मोठा हवा याचाही हिशेब आहे. पहिल्या आरशाकडून आलेला किरण ४.४ अंशांत फिरतोय आणि वाट ६१ मिलिमीटरची आहे, म्हणजे दुसऱ्या आरशावर तो ९.४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढतो. किरणाची स्वतःची जाडी ३ मिलिमीटर धरा, तिरपेपणामुळे ठिपका थोडा लांबतो तेही धरा, की १४ मिलिमीटर जागा व्यापली. मांडणीतली उन्नीस-बीस धरून दुसरा आरसा २५ मिलिमीटरचा घ्या. आकृतीचा एखादा तुकडा ठरावीक जागी नाहीसा होत असेल, तर किरण आरशाच्या कडेबाहेर जातोय हे नक्की समजा. तिसरी मोटर जोडायची हौस असेल तर त्याच अंतरावरच्या तिसऱ्या आरशाला ४० मिलिमीटर लागतील, आणि एवढा आरसा जोरात फिरवणं अवघड. तिसरी हवीच असेल तर गिअर असलेली, मिनिटाला काही फेरेच घेणारी मोटर लावा. ती अख्खं फूल हळूहळू वर्तुळात फिरवते आणि छान दिसतं.

वेगाच्या गुणोत्तराचा भाग प्रदर्शनात समजावून सांगायलाही सर्वांत चांगला आहे, म्हणून थोडा विस्ताराने लिहितो. दोन वेगांचं गुणोत्तर छोट्या पूर्णांकांत मांडा, समजा ३:२. भिंतीवर दोन्ही वर्तुळं एकाच दिशेने फिरत असतील तर पाकळ्यांची संख्या म्हणजे वजाबाकी: ३ उणे २, एक. उलट दिशांनी फिरत असतील तर बेरीज: ३ अधिक २, पाच. म्हणजे त्याच दोन वेगांनी एका दिशेत एकच वळसा मिळतो आणि दिशा उलटली की पाच पाकळ्यांचं फूल. तुम्हाला फूल न दिसण्याचं हे एक मोठं कारण असू शकतं. एका मोटरीच्या दोन तारा अदलाबदल करून बघा.

इथे एक गोम आहे. आरशातल्या परावर्तनाने दिशा उलटी होते, त्यामुळे शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतोय यावरून भिंतीवरची दिशा ठरवू नका. वीज बंद ठेवून फक्त लेझर चालू करा, एकेक शाफ्ट बोटाने सावकाश फिरवा आणि ठिपका भिंतीवर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातो की उलट ते लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचा पुष्कळ गोंधळ वाचतो.

पाकळी टोकदार होणार, गोल की गाठ मारलेली, हे तिरपेपणावर ठरतं. प्रत्येक मोटरीसाठी तिरपेपणा गुणिले वेग काढा. दोन्ही गुणाकार सारखे आले तर टोकं अणकुचीदार. जलद मोटरीचा गुणाकार मोठा असेल तर टोकाशी फास तयार होतात. लहान असेल तर वळणं गुळगुळीत. उदाहरणार्थ उलट दिशा, वेग २:१, आणि संथ मोटरीचा आरसा दुप्पट तिरपा: तीन टोकांची, बाजू आत वळलेली सुबक आकृती मिळते. वेग ३:१ आणि तिरपेपणा १:३ केला तर चार टोकं. पाच टोकांची चांदणी हवी असेल तर वेग ३:२, आणि संथ मोटरीचा तिरपेपणा जलद मोटरीच्या दीडपट. दोन्ही आरसे सारखेच तिरपे ठेवले तर प्रत्येक पाकळी बरोबर केंद्रातून जाते, ते फूलही सुंदर दिसतं.

यावरून मांडणीही ठरते: पहिला आरसा लहान, कमी तिरपा आणि जलद मोटरीवर, दुसरा मोठा, जास्त तिरपा आणि संथ मोटरीवर. पहिला कमी तिरपा असल्यामुळे दुसऱ्यावर किरणाला कमी जागा लागते, आणि जड आरसा संथ फिरल्यामुळे कंपनही घटतं. दोन मोटरींचेच प्रोजेक्टर मी कायम याच क्रमाने मांडतो.

जुळणी करताना सुरुवात १:१ ने, उलट दिशांनी करा. दोन्ही वेग जवळजवळ सारखे झाले की भिंतीवर एक लंबवर्तुळ दिसतं आणि ते जागच्या जागी सावकाश गरगरतं. आरसे सारखेच तिरपे असतील तर तेच लंबवर्तुळ चपटं होत होत एक सरळ रेघ बनतं. रेघ दिसली म्हणजे दिशा, तिरपेपणा आणि वेग तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आल्या. तिथून संथ मोटरीचा वेग हळूहळू उतरवा. आधी गुंतागुंतीची जाळी दिसेल, मग ३:२ जवळ येताच पाच पाकळ्या निवळतील, पुन्हा जाळी, मग २:१ ला तीन. पाकळ्या सावकाश सरकत असतील तर दोष मानू नका. स्वतंत्र दोन मोटरींत ते राहणारच, आणि पाहणाऱ्यांना तेच आवडतं. आकृती अगदी खिळून राहायला हवी असेल तर दोन्ही शाफ्ट दात्यांच्या पट्ट्याने जोडावे लागतील. २८बीवायजे-४८ ही स्वस्त स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पावलापावलाने फिरणारी मोटर, लोक सुचवतात, पण ती मिनिटाला जेमतेम पंधरा फेरे घेते. डोळ्याला अखंड रेघ दिसण्यासाठी ती फार संथ आहे.

अखंड रेघेसाठी किती वेग हवा? संपूर्ण आकृती सेकंदाला २० ते २५ वेळा पुरी व्हायला हवी. ३:२ साठी जलद मोटर मिनिटाला ४,५०० आणि संथ ३,००० फेरे घेत असेल तर आकृती सेकंदाला बरोबर २५ वेळा पुरी होते. ७:४ सारखं गुणोत्तर घेतलंत तर त्याच वेगात ती सेकंदाला ११ वेळाच पुरी होईल आणि लुकलुकेल. म्हणून लहान अंकांची गुणोत्तरं घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढताना फूल तुटक दिसेल, कारण कॅमेऱ्याचा शटर फार लवकर बंद होतो. तो १/२५ सेकंदावर ठेवा. कॅमेरा भिंतीकडे वळवा, किरणात कधीही आणू नका, सेन्सरवर कायमचे डाग पडतात.

जळालेल्या पोटेन्शिओमीटरचं कारण सरळ आहे. ते मोटरीच्या ओळीत जोडलं होतं आणि मोटरीचा सगळा प्रवाह त्याच्या पातळ कार्बनच्या पट्टीतून गेला. १३० नंबरची मोटर सुरू होताना किंवा अडकली की एक अँपियरच्या वर प्रवाह ओढते. प्रत्येक मोटरीसाठी स्वतंत्र एलएम३१७, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणारी छोटी चिप, लावा: २४० ओहमचा रोध, १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर आणि त्याच्या ओळीत १०० ओहमचं दुसरं. ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर १.२५ पासून साडेसहा-सात व्होल्टपर्यंत मिळतात. १ किलोओहमच्या बटणाने गुणोत्तराच्या जवळ जायचं आणि १०० ओहमच्या बटणाने पाकळ्या थांबवायच्या; एकाच बटणावर ते जमत नाही, केसभर हललं तरी फूल निसटतं. दोन्ही एलएम३१७ ला हीट सिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा पत्रा, हवं, पण दोघांना एकच पत्रा लावू नका. एलएम३१७ ची धातूची पाठ त्याच्या आउटपुटला जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही मोटरींचे वेग एकमेकांत मिसळतील. पत्रा एकच असेल तर मध्ये अभ्रकाचा तुकडा घाला. वेग १० मिनिटं मोटरी चालवून तापल्यावरच जुळवा.

एलएम३१७ ऐवजी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, वापरायचं असेल तर मोटर थेट पिनला जोडू नका, मध्ये मोटरीला प्रवाह पुरवणारा टीबी६६१२ किंवा डीआरव्ही८८३३ चा ड्रायव्हर घ्या. एल२९८ चालतो, पण त्यात दोनेक व्होल्ट वाया जातात आणि ५ व्होल्टच्या मोटरीला ते परवडत नाही. आर्डुइनो उनोच्या ९ आणि १० पिनांची पल्सची वारंवारता मुळात ४९० हर्ट्झ असते, मोटरी शिट्टीसारख्या वाजतात. प्रोग्राममध्ये टायमर १ चा प्रिस्केलर (घड्याळाच्या गतीला भागणारा आकडा) १ केला की ती ३१ किलोहर्ट्झवर जाते आणि आवाज थांबतो.

लेझरला वीज वेगळी द्या. मोटरीच्या ब्रशमधून निघणारे विजेचे झटके लेझरचा डायोड मारतात. प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, तो मोटरीला चिकटून हवा, लांब तारेच्या टोकाला नको. आणखी एक: अनेक स्वस्त मॉड्यूलमध्ये पितळी नळी धन टोकाला जोडलेली असते. ती धातूच्या पट्टीत आवळली आणि तीच पट्टी मोटरीच्या कवचाला लागली तर शॉर्ट होतं. नळीला टेपचा वेढा द्या.

आता डोळे. ५ मिलिवॅट ऐकायला थोडं वाटतं, पण डोळ्याचं भिंग तो किरण पडद्यावरच्या एका बिंदूत गोळा करतं. १ मिलिवॅटच्या आतला दिसणारा किरण चुकून डोळ्यात गेला तर पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदात इजा होत नाही असं धरलं जातं; ५ मिलिवॅटला तशी हमी नाही. किरण फिरतोय म्हणून सुरक्षित आहे असंही समजू नका, मोटर अडकली की तो एका जागी थांबतो. हिरवे पॉइंटर टाळा: ५३२ नॅनोमीटरचे स्वस्त हिरवे लेझर कितीतरी वेळा लेबलवरच्या आकड्यापेक्षा जोरदार निघतात आणि काहींतून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर येतात. मोठा लेझर घ्यायचा मोह होतो तो आकृती अंधूक दिसते म्हणून. तेव्हा आकृती निम्मी करा, तेवढाच प्रकाश अर्ध्या लांबीच्या रेघेत येतो आणि रेघ दुप्पट उजळ होते. किंवा ६५० ऐवजी ६३५ नॅनोमीटरचं लाल मॉड्यूल घ्या. तेवढ्याच ताकदीत ते डोळ्याला साधारण दुप्पट उजळ दिसतं.

शाळेत उघड्या टेबलावर हे ठेवू नका, मुलं वाकून आत बघतात. मोठं खोकं घ्या, आतून काळा कागद लावा, समोरच्या आतल्या बाजूला पांढरा पुठ्ठा, आणि आकृती वरच्या किंवा बाजूच्या खिडकीतून बघायची सोय ठेवा. ट्रेसिंग पेपरवर मागून प्रकाश टाकायची कल्पना आकर्षक वाटते, पण तेव्हा बघणारा थेट लेझरच्या दिशेने बघत असतो आणि पातळ कागदातून किरणाचा काही भाग न विखुरता आरपार येतो. ते नको. फिरत्या आरशांवर पारदर्शक झाकण हवंच, सुटलेला तुकडा उडतो. प्रदर्शनातल्या फलकावर ‘लिसाजूच्या आकृत्या’ असं लिहू नका, परीक्षक विचारतील. ज्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात नादकाट्यांवर आरसे बसवून प्रकाशाचा किरण नाचवला, तिथे दोन कंपनं सरळ रेषेत आणि एकमेकांना काटकोनात होती. तुमच्याकडे दोन वर्तुळाकार गती आहेत. आकृत्या वेगळ्या, स्पायरोग्राफच्या खेळण्यातल्या आकृत्यांच्या जातीच्या. पूर्वसुरी म्हणून लिसाजूंचा उल्लेख जरूर करा.

गणपतीच्या आराशीत लावायचं तर प्रोजेक्टर कपाटावर ठेवा आणि आकृतीचा खालचा काठ भिंतीवर सात फुटांच्या वर राहील असा रोखा. मखराला सोनेरी-रुपेरी कागद, आरशांचं काम, पितळेची समई असं काही किरणाच्या वाटेत येऊ देऊ नका, ते किरण कुठेही फेकतात. सार्वजनिक मंडळासाठी किंवा मिरवणुकीसाठी हे नेऊ नका; डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारींनंतर पुण्यात पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली होती, आणि ते योग्यच होतं.

आणि ‘श्री’. सतत फिरणाऱ्या आरशांनी अक्षर काढणं व्यवहारात जमत नाही, आणखी दोन-चार मोटरी वाढवल्या तरी. अक्षरासाठी आरसा सांगू त्या कोनात जाऊन थांबायला हवा आणि दोन रेघांच्या मध्ये लेझर विझायला हवा. ते काम गॅल्व्होमीटरचं: दोन छोटे आरसे, एक आडवा किरण हलवतो, एक उभा. सेकंदाला २० हजार बिंदूंचा तयार संच, त्याचे ड्रायव्हर आणि अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा असं एकत्र मिळतं. उनोला खरा ॲनालॉग आउटपुट नाही, म्हणून एमसीपी४८२२ सारखी दोन वाटांची १२ बिटची चिप आणि तिचे ० ते ४ व्होल्ट अधिक-उणे ५ करणारं ऑप-अँप या व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपचं सर्किट जोडावं लागतं. ‘श्री’ची वळणं साठ-सत्तर बिंदूंत बसतात, पण वळणाच्या टोकाशी तोच बिंदू दोन-तीनदा द्यावा लागतो, नाहीतर आरसा पोचायच्या आत पुढचा हुकूम येतो आणि टोकं गोल होतात. हे काम यंदाच्या प्रदर्शनात घुसवू नका. आत्ता फक्त आरसे बदला, मोटरी समोरासमोर आणा, दोन एलएम३१७ जोडा आणि १:१ ची रेघ मिळवा. तरीही रेघ दुहेरी किंवा जाड आली तर मोटरी बंद असतानाच्या स्थिर ठिपक्याचा फोटो टाका. त्यावरून दोष आरशात आहे की बुशमध्ये ते सांगता येईल.